डिसेंबरचा उल्कावर्षाव गावाकडून पाहायचा तर: तिथीपासून सतरंजीपर्यंत

दरवर्षी ऑगस्टात फोनवर निरोप फिरू लागतात, ‘आज रात्री आकाशातून उल्कांचा पाऊस’. तो ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव, १२-१३ ऑगस्टच्या रात्रीचा. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तो जरूर पाहावा. महाराष्ट्रात आणि गोव्यात मात्र तेव्हा ऐन पावसाळा असतो, आणि कितीतरी हौशी लोकांचा पहिला अनुभव ढगांकडे बघत बसण्याचाच ठरतो. मग उल्कावर्षाव म्हणजे नुसती हूल, असं वाटून ते पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

आपल्यासाठी खरा उल्कावर्षाव डिसेंबरातला, मिथुन राशीचा. तो साधारण ४ ते १७ डिसेंबर चालतो आणि १३ ते १५ डिसेंबरच्या रात्रींत शिगेला पोचतो. तेव्हा हवा कोरडी असते, रात्र मोठी असते आणि उल्का जिथून येताना दिसतात ती जागा, म्हणजे वर्षावाचं केंद्र, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येते. या उल्का ‘फेथन’ नावाच्या लघुग्रहाने मागे सोडलेल्या कणांच्या. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंमुळे होतात, त्यामुळे हे प्रकरण वेगळंच आहे. फेथनचा शोध १९८३ साली ‘आयरास’ या उपग्रहाच्या निरीक्षणांतून लागला. त्याचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. हा वेग उल्कांच्या मानाने कमीच. नोव्हेंबरातल्या सिंह राशीच्या उल्का याच्या दुप्पट वेगाने, ७१ किलोमीटरने येतात. वेग कमी म्हणजे रेघ डोळ्यात भरायला वेळ मिळतो, त्यामुळे नवख्यांना या उल्का चटकन सापडतात.

दुर्बीण लागत नाही. लागतो तो अंधार. तो आधी शोधावा लागतो आणि मग रात्रभर राखावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी तिथी बघा, मग तारीख

तारीख ठरलेलीच असते, पण त्या रात्री चंद्र किती वेळ आकाशात असेल हे दरवर्षी बदलतं. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. शुद्ध पक्षात तिथीला ४८ मिनिटांनी गुणा, सूर्यास्तानंतर साधारण तेवढ्या वेळाने चंद्र मावळतो. शुद्ध पंचमी असेल तर चार तासांनी, म्हणजे डिसेंबरात रात्री दहाच्या आसपास. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि त्यानंतर रोज पाऊण तास उशीर करतो. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या सुमारास असतो हे घरोघरी माहीत असतं. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीवर जातो. अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे पाच दिवस उत्तम, पौर्णिमेच्या आसपासचे चार दिवस वाईट.

पुढच्या तीन वर्षांचा हिशोब असा:

२०२६: ९ डिसेंबरला अमावास्या. १३ आणि १४ तारखेला चंद्र दहा-अकरापर्यंत मावळतो आणि पुढची सगळी रात्र मोकळी मिळते. शिखर भारतीय वेळेनुसार १४ तारखेच्या संध्याकाळच्या सुमारास येतं, म्हणून १४-१५ची रात्र पहिली पसंती, १३-१४ची दुसरी.

२०२७: १३ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा. चंद्र रात्रभर असेल, फक्त ठळक उल्का दिसतील. लहान मुलांना एक-दोन दाखवायला ठीक, पण त्यासाठी लांबचा प्रवास करू नका.

२०२८: १६ डिसेंबरला अमावास्या. १३-१४च्या रात्री पहाटे उगवणारी बारीक कोर सोडली तर पूर्ण अंधार.

दोन रात्री मोकळ्या ठेवा. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा किंवा वादळ आलं की त्याचे उंच ढग पार महाराष्ट्रापर्यंत पसरतात. निघण्याआधी हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची उपग्रहाची ताजी छायाचित्रं बघा. ‘पावसाची शक्यता नाही’ एवढं वाचून निघालात तर फसाल, कारण पाऊस न देणारे पातळ ढगही तारे झाकतात.

२. जागा: ‘गाव आहे’ म्हणजे ‘अंधार आहे’ असं नाही

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. गावं आता अंधारी राहिलेली नाहीत. चौकात हायमास्ट, ग्रामपंचायतीचे एलईडी, दूध संकलन केंद्राचा हॅलोजन, मंदिराच्या कळसावरची माळ. एक हायमास्ट मैदानाची रात्र संपवायला पुरेसा असतो. म्हणून गावात नको, गावापासून दोन-तीन किलोमीटर लांब, मध्ये टेकाड किंवा झाडी येईल अशा माळावर जा.

बातम्यांतला ‘ताशी १२० ते १५० उल्का’ हा आकडा आदर्श परिस्थितीचा असतो. त्यात केंद्र अगदी डोक्यावर आणि आकाश इतकं काळं धरलेलं असतं की ६.५ प्रतीचे मंद तारे दिसावेत. (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) प्रत्यक्षात मध्यरात्री केंद्र ५०-५५ अंशांवर असताना, ६ प्रतीपर्यंतचे तारे दिसणाऱ्या माळावर ताशी ६०च्या घरात उल्का मिळतात. ५ प्रतीपर्यंतच दिसत असतील तर २०-२५. तालुक्याच्या गावातल्या गच्चीवर, जिथे ४ प्रतीच्या पुढे काही दिसत नाही, तिथे दहासुद्धा मुश्किलीने. डोक्यावर उल्का तेवढ्याच पडत असतात, पण मंद उल्का संख्येने फार जास्त आणि उजेड नेमक्या त्याच पुसून टाकतो.

जागेची परीक्षा डोळ्यांनी करता येते. कृत्तिकांच्या झुबक्यात सहा तारे वेगवेगळे मोजता आले तर आकाश कामाचं आहे. नुसता धुरकट ठिपका दिसला तर पुढे सरका. मध्यरात्रीनंतर ईशान्येला सप्तर्षी वर आले की वसिष्ठाशेजारची अरुंधती बघा. ती ४ प्रतीची आहे. चांगल्या नजरेलाही ती दिसत नसेल तर ती जागा उल्कांसाठी नाही. मृग आणि मिथुन यांच्यामधून जाणारा हिवाळ्यातला आकाशगंगेचा फिकट पट्टा दिसला, तर शोध संपला असं समजा. दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. पांढरा कागद जमिनीवर ठेवून वर हात धरा. कुठल्याही दिव्याने हाताची सावली पडली, तर जागा बदला.

दिशेचाही विचार करा. मिथुन रास संध्याकाळी पूर्व-ईशान्येला उगवते, म्हणून शहराचा उजेड पश्चिमेला राहील अशी जागा निवडा. मावळ-मुळशीत पूर्वेला पुण्याचा आणि पश्चिमेला मुंबईचा उजेड चढलेला असतो, त्यामुळे तिथे मध्यरात्रीपर्यंत फारसं हाती लागत नाही. माण-खटावचे माळ, जतचा भाग, भूम-परांड्याची पठारं कोरडी आणि मोकळी आहेत. मुंबईकरांसाठी वांगणीचा परिसर अनेक वर्षांपासून ठरलेला आहे. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम तिथेच होतात. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. पहिलीच वेळ असेल आणि सोबत जाणतं कोणी नसेल, तर अशा संस्थेबरोबर जाणं सगळ्यात सोपं. विदर्भातल्यांना पेंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. मात्र जंगलात रात्री मनाने शिरायचं नसतं, वनविभागाने ठरवून दिलेल्या जागीच बसायचं.

तीन जागा टाळा. धरणाचा काठ, कारण पहाटे तिथे धुकं धरतं. नदीकाठचा खोलगट भाग, कारण थंड जड हवा तिथेच साचते, थंडीही जास्त आणि दवही जास्त. आणि ऊसपट्टा. गळीत हंगाम चालू असतो, तोडलेल्या फडातलं पाचट पेटवलं की धूर रात्रभर जमिनीलगत तरंगत राहतो.

३. बिबट्या, साप आणि परवानगी

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या तालुक्यांत उसात बिबटे राहतात. ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. माणूस जमिनीवर पसरलेला असताना बिबट्याला तो छोट्या जनावरासारखा वाटू शकतो, आणि उल्का बघताना आपण नेमके पसरलेलेच असतो. या भागात उघड्या रानात झोपून निरीक्षण करू नका. ओळखीच्या शेतघराची, कठडा असलेली पक्की गच्ची बघा. दुसरीकडेही उसाला, मक्याला किंवा दाट झुडपाला लागून बसू नका, चारपेक्षा कमी माणसं जाऊ नका आणि मुलांना मधोमध ठेवा.

साप थंडीत बाहेर येत नाहीत हा समज चुकीचा आहे. घोणस रात्री फिरते आणि हिवाळ्यातही दिसते. कोकणात सड्यांवरच्या कातळफटींत फुरसं असतं. त्यामुळे चपला नकोत, घोटा झाकणारे बूट घाला. दगड उचलून बाजूला करायचे असतील तर ते दिवसाउजेडीच, आणि हाताने नाही, काठीने. दंश झालाच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय न हलवता झोपवून थेट ज्या सरकारी रुग्णालयात सर्पविषावरची लस आहे तिथे न्यायचं. ते रुग्णालय कुठलं आणि किती लांब आहे हे जायच्या आधीच विचारून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

अनोळखी माणसं अर्ध्या रात्री माळावर बिनदिव्याची बसलेली दिसली की गावाला संशय येणारच, आणि त्यांचं चूक नाही. जमीन कोणाची आहे ते विचारून मालकाचा होकार घ्या. सरपंच किंवा पोलीस पाटलांना एक फोन करा: किती माणसं, कुठल्या गाड्या, किती वाजेपर्यंत. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत असेल तर शेतकरी गव्हाला-कांद्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन फिरत असतात. त्यांना आधी सांगितलं की ते समजूनही घेतात आणि बॅटरी खालीही धरतात. गडकिल्ल्यांवर मुक्कामाला परवानगी आहे की नाही ते गृहीत धरू नका. २०२६ मध्ये चंपाषष्ठी याच दिवसांच्या आसपास येते, तेव्हा खंडोबाच्या गावात यात्रा आणि रोषणाई आहे का हेही विचारा.

जवळ ठेवायचे कागद: प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र, गाडीचे कागद, परवाना आणि पीयूसी, वनविभागाची जागा असेल तर लेखी परवानगीची प्रत. मालकाचा आणि पोलीस पाटलांचा नंबर कागदावर लिहून घ्या, कारण माळावर रेंज असेलच असं नाही.

४. सामान

डिसेंबरात देशावर पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, निफाडसारख्या ठिकाणी त्याच्याही खाली. चालताना ही थंडी काही वाटत नाही. पण निश्चल पडून आकाशाकडे तोंड केलं की दोन तासांत दात वाजायला लागतात. थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते, म्हणून पांघरुणाइतकाच जाड थर अंगाखाली हवा.

• खाली: ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक, त्यावर चटई, त्यावर सतरंजी किंवा गोधडी. ताडपत्री नसेल तर अर्ध्या रात्रीत गोधडी ओली होते.
• वर: घोंगडी सर्वांत चांगली, दव पडलं तरी लोकर ऊब सोडत नाही. नाहीतर जाड ब्लँकेट.
• अंगावर: दोन थर, वर स्वेटर किंवा जाकीट, कानटोपी, मफलर, लोकरी मोजे. मोज्यांचा एक कोरडा जोड जादा.
• उशी, किंवा मागे झुकणारी बागेतली खुर्ची. मानेला आधार नसेल तर तासाभरात मान धरते.
• तांबडी बॅटरी (खाली सांगितली आहे), एक साधी बॅटरी आणीबाणीसाठी पिशवीत तळाशी.
• थर्मासमध्ये चहा, माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की. उघडताना कुरकुर वाजणारी पाकिटं नकोत.
• वही, पेन्सिल, हातातलं घड्याळ. प्रथमोपचाराची पेटी. काठी. कचऱ्याची पिशवी.

पेनची शाई थंडीत अडते, म्हणून पेन्सिल. दारू नेऊ नका. शरीर तापल्यासारखं वाटतं पण प्रत्यक्षात ऊब वेगाने निघून जाते, आणि गावाशी जोडलेले चार बरे संबंध एका रात्रीत तुटतात. शेकोटीही नको. तिचा उजेड आणि धूर तर आहेच, शिवाय डिसेंबरात माळावरचं गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते.

तांबडी बॅटरी घरी पाच मिनिटांत होते. भेटवस्तूला गुंडाळतात तो लाल जिलेटिन कागद घ्या. त्याच्या चार घड्या करून बॅटरीच्या काचेवर ताणून बसवा आणि दोन रबरांनी आवळा. मग अंधाऱ्या खोलीत भिंतीवर उजेड टाकून बघा. उजेडात पिवळी-केशरी झाक असेल तर आणखी दोन थर चढवा. हातभर अंतरावरची वही जेमतेम वाचता आली पाहिजे, तेवढाच उजेड हवा. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात बघतात त्यांना गडद लाल रंग जवळजवळ कळतच नाही, म्हणून त्या बिथरत नाहीत. फोनच्या पडद्यावरचा ‘नाइट मोड’ यासाठी चालत नाही, त्यातून पांढरा-पिवळा उजेड येतच राहतो.

५. उजेडी पोचा

सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी जागेवर असा. विहिरीचा कठडा, काटेरी कुंपण, उतार, मुंग्यांची वारुळं उजेड असतानाच दिसतात. रात्री प्रवास नको, याचं आणखी एक कारण आहे. हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या मागे दिवा किंवा परावर्तक नसताना रस्त्यावर असतात आणि शेवटच्या क्षणी दिसतात.

गाड्या बसायच्या जागेपासून निदान दोनशे मीटर लांब, तोंड परतीच्या रस्त्याकडे करून लावा. आतला दिवा दार उघडलं की पेटतो, त्याचं बटण बंद करा, बटण सापडत नसेल तर चिकटपट्टी लावा. किल्लीच्या रिमोटने गाडी उघडली की चारही इंडिकेटर चमकतात, म्हणून लागेल ते सामान आधीच काढून घ्या. दुचाकीवरून उशिरा येणाऱ्यांना आधीच बजावून ठेवा. २०१७ पासूनच्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंद होत नाही. त्यांनी लांबच इंजिन बंद करावं आणि गाडी ढकलत आणावी. एका दिव्याचा झोत दहा जणांचा अर्धा तास खातो.

६. डोळे अंधाराला लावा

उजेडातून अंधारात आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बरंच दिसायला लागतं, आणि लोक समजतात की झालं. खरी नजर वीस-तीस मिनिटांनी उघडते. बसल्या बसल्या ताऱ्यांची संख्या वाढत गेल्यासारखी वाटते. फोनचा पडदा दोन सेकंद पाहिला की ही कमाई जाते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

म्हणून नियम साधा ठेवा, सगळ्यांचे फोन बंद करून एका पिशवीत. आणीबाणीसाठी एक फोन एकाकडे, त्याने तो पांघरुणात तोंड घालूनच बघायचा. वेळ घड्याळात, नकाशा डोक्यात. तारे ओळखायचं अ‍ॅप वापरायचं असेल तर ते आदल्या दिवशी घरी.

७. बघायचं कुठे

पूर्वेला मृग नक्षत्र शोधा. त्यातले एका रेषेतले तीन तारे, गावात ज्यांना तिकांडं म्हणतात, ते चुकत नाहीत. मृगाच्या पायाशी निळसर-पांढरा राजन्य, खांद्याशी तांबूस काक्षी. राजन्यापासून काक्षीकडे रेषा काढून तशीच पुढे नेली की मिथुन राशीत पोचतो. तिथे दोन ठळक तारे शेजारी-शेजारी आहेत, पुनर्वसू. हात लांब करून मधली तीन बोटं धरली की मावतील एवढं त्यांच्यातलं अंतर. त्यातला किंचित मंद, पांढरा तो कॅस्टर, ठळक पिवळसर तो पोलक्स. उल्कांचं केंद्र कॅस्टरच्या लगत आहे.

आता महत्त्वाचं: केंद्राकडे टक लावून बघायचं नाही. केंद्राजवळच्या उल्का आपल्या रोखाने येत असल्याने आखूड, ठिपक्यासारख्या दिसतात. लांब रेघा केंद्रापासून तीस-चाळीस अंश दूर उमटतात. त्या बाजूचा सगळ्यात काळा भाग निवडा, नजर क्षितिजापासून अर्ध्या उंचीच्या थोडी वर ठेवा आणि डोळे सैल सोडा. कुठल्याही एका ताऱ्यावर रोखू नका. उल्का बहुतेक वेळा डोळ्याच्या कोपऱ्यात आधी कळते. चार जण असाल तर पाय मध्यभागी करून चार दिशांना डोकी ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं आकाश येतं.

दिसली ती मिथुनचीच का? तिची रेघ मनात मागे ओढा. कॅस्टरपाशी पोचली तर हो. नाही पोचली तर ती भटकी, तशा दर तासाला पाच-सहा रोजच दिसतात. सलग मिनिट-दोन मिनिटं संथ सरकणारा ठिपका म्हणजे उपग्रह, लुकलुकणारा म्हणजे विमान, एकामागे एक ओळीने जाणारे ठिपके म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह. उल्का एक-दोन सेकंदांत संपते.

८. रात्र कशी सरकते

पुण्या-मुंबईकडे मिथुनचं केंद्र पावणेआठच्या सुमारास उगवतं, नागपूरकडे साधारण अर्धा तास आधी. आठ ते नऊ या वेळात उल्का फार थोड्या असतात, पण असेल ती बघण्यासारखी. केंद्र क्षितिजाशी असल्याने कण वातावरणाला घासत, जवळजवळ आडवे जातात. अशी एखादी पूर्वेकडून निघते, घाई न करता मृगाच्या वरून जाते आणि अर्धं आकाश ओलांडून पश्चिमेला विझते. शेजारच्याला ‘अरे बघ’ म्हणून तो वळेपर्यंत ती अजून चालूच असते. तासाभरात दोन दिसल्या तरी भरपूर. २०२६ मध्ये या वेळी चंद्र असेल, तरी या ठळक उल्का दिसतील.

दहा वाजता केंद्र तीस अंशांच्या जरा खाली असतं, तेव्हा शक्यतेच्या निम्म्या उल्का. मध्यरात्री ऐंशी टक्के. पश्चिम महाराष्ट्रात अडीच वाजता केंद्र पंचाहत्तर अंशांवर, म्हणजे जवळजवळ माथ्यावर असतं. सगळ्यात जास्त उल्का साडेबारा ते साडेचारच्या दरम्यान मिळतात, आणि नेमके बरेच लोक बारा वाजता ‘बास झालं’ म्हणून उठतात. दमणार असाल तर नऊ ते अकरा झोप काढा आणि मग ताजे उठून बसा. पावणेसहाच्या आसपास पूर्व उजळू लागते.

उल्का ठरावीक अंतराने येत नाहीत. दहा मिनिटं काहीच नाही आणि मग एका मिनिटात चार, असं होतं. ज्यांनी फोनवर एका चित्रात पन्नास रेघा पाहिलेल्या असतात त्यांची निराशा इथे होते. ती छायाचित्रं कित्येक तासांत काढलेले फोटो एकावर एक जोडून केलेली असतात. कुठलंही आकाश एका क्षणी तसं दिसत नाही. सोबत येणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, हे निघण्याआधीच सांगा.

शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. तिने जमिनीवर क्षणभर सावलीसुद्धा पडू शकते. पण सकाळी दगड शोधत फिरू नका. या उल्का बहुतेक वाळूच्या कणाएवढ्या असतात आणि जमिनीपासून ८०-१०० किलोमीटर उंचीवर जळू लागतात. या वर्षावातलं खाली काही पडत नाही.

९. मोजणार असाल तर

नुसतं बघणंही छान, पण मोजलं की नजर टिकते. पंधरा मिनिटांचे रकाने करा. प्रत्येक रकान्यात मिथुनच्या उल्का एका बाजूला, भटक्या दुसऱ्या बाजूला. ठळक असेल तर प्रत लिहा. कशाशी तुलना करायची हे आधी ठरवा: व्याधाएवढी (रात्रीचा सगळ्यात ठळक तारा) असेल तर उणे दीड, पोलक्सएवढी असेल तर एक. दर तासाला दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्याची प्रत आणि ढगांचं प्रमाण नोंदवा. ते नसेल तर आकड्यांना अर्थ राहत नाही. प्रत्येकाने स्वतःला दिसलेलीच मोजायची. दुसऱ्याने ओरडून सांगितलेली मोजली की संख्या फुगते. नीट केलेली नोंद आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे पाठवता येते. १९८८ साली स्थापन झालेली ही संघटना जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते.

१०. कॅमेरा

पहिल्या वर्षी नेऊ नका, हा प्रामाणिक सल्ला. कॅमेऱ्याशी खेळण्यात रात्र जाते आणि त्याचा पडदा सगळ्यांचे डोळे घालवतो. नेणारच असाल तर तिवई, १४ ते २४ मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, प्रत्येक फोटो १५ ते २० सेकंदांचा, एकामागे एक अखंड. फोकस हाताने, ठळक तारा पडद्यावर दहापट मोठा करून, आणि मग फोकसच्या कड्याला चिकटपट्टी. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ आंधळा बसतो. पडद्याला कापड चिकटवा. एक वाजेनंतर लेन्सवर दव धरतं. लेन्सभोवती लोकरी मोजा गुंडाळला तर ते बरंच लांबतं. बॅटरी थंडीत लवकर उतरते, जादाची खिशात अंगालगत ठेवा.

११. सकाळी, आणि ढग आले तर

रात्रभर जागून लगेच गाडी हाकू नका. निदान दोन तास झोपा, ऊन वर येऊ द्या. ताडपत्री झटका, बूट पायात घालण्याआधी उलटे करून आपटा, विंचू शिरलेला असू शकतो. सगळा कचरा परत आणा आणि जाताना मालकाला, पोलीस पाटलांना निघाल्याचं सांगा. पुढच्या वर्षी तीच जागा हवी असेल.

दोन्ही रात्री ढगांत गेल्या तर ३-४ जानेवारीच्या पहाटेचा क्वाड्रँटिड वर्षाव आहे. त्याचं शिखर काही तासांचंच असतं, ते भारतातल्या रात्री येत असेल तरच जा. २२ एप्रिलच्या सुमारास स्वरमंडळातला वर्षाव येतो, ताशी पंधरा-वीस उल्कांचा. ५-६ मेच्या पहाटे कुंभ राशीतला, हॅलेच्या धूमकेतूच्या कणांचा वर्षाव येतो. त्याचं केंद्र आकाशातल्या विषुववृत्ताजवळ असल्याने तो आपल्याकडून उत्तरेकडच्या देशांपेक्षा चांगला दिसतो, आणि तेव्हा घोंगडीही लागत नाही. पहाटे तीनला पूर्वेकडे तोंड करून बसा, फक्त त्या तारखेची तिथी आधी बघून ठेवा.